घड्याळजींचं ऑपरेशन

घड्याळजींच्या फोनला अपडेट हवं होतं आणि घड्याळजींना ते द्यायचं नव्हतं. हे गेले चौदा महिने चाललं होतं. रोज सकाळी दुकानाचं शटर वर गेलं, डोळ्याला भिंग लागलं आणि पहिल्या घड्याळाचं झाकण उघडलं की फोन थरथरायचा. नवीन आवृत्ती तयार आहे, आता घालायची का, असं अदबीने विचारायचा. घड्याळजी हातातला चिमटा खाली न ठेवता डाव्या करंगळीने ‘नंतर’ दाबायचे. करंगळी या कामात इतकी तरबेज झाली होती, की फोनकडे न बघताही ती बरोबर जागेवर पडायची.

त्यांच्या या नकाराला कारणं होती. चालत्या घड्याळाचं झाकण उगाच उघडायचं नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. त्यात मागचं अपडेट त्यांच्या चांगलं लक्षात होतं. त्या वेळी फोन उचलायची तऱ्हाच बदलली होती. आधी बटण दाबलं की झालं, नंतर ते सरकवायचं होतं. हे कळेपर्यंत चार दिवस गेले. त्या चार दिवसांत व्याह्यांनी अकरा वेळा फोन केला आणि अकराही वेळा घड्याळजींनी तो दाबून दाबून कट केला. व्याह्यांची समजूत काढायला लेकीला रजा घेऊन यावं लागलं होतं.

पण खरं कारण वेगळंच होतं. त्यांच्या फोनमध्ये ठोके मोजणारं एक अ‍ॅप होतं. घड्याळ फोनजवळ ठेवलं की ते त्याची टिकटिक ऐकायचं आणि हे घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढे पळतंय किंवा मागे राहतंय, ते सांगायचं. ते बनवणाऱ्या माणसाने त्यातलं लक्ष काढून घेतलं होतं आणि ‘नव्या आवृत्तीवर चालेलच असे नाही’ एवढं एक वाक्य लिहून तो मोकळा झाला होता. ते वाक्य घड्याळजींना पाठ झालं होतं.

“चौदा महिने मला रोज कुणी ‘नंतर’ म्हटलं असतं, तर मी केव्हाच माहेरी गेले असते,” बायको म्हणायची. “फोन सोशीक आहे बिचारा.”

सोमवारी मात्र लेकीचा फोन आला आणि तिने नंतरचा विषयच संपवला. ती दूरच्या शहरात राहायची. रोज संध्याकाळी घड्याळजी तिच्या चार वर्षांच्या मुलीशी, म्हणजे त्यांच्या नातीशी, व्हिडिओवर बोलायचे. नात दुधाचा ग्लास घेऊन बसायची आणि आजोबा ठोके मोजायचे. किती ठोक्यांत ग्लास संपतो, यावर त्या दोघांचा दिवस ठरायचा. येत्या शुक्रवारपासून ते व्हिडिओचं अ‍ॅप फोनच्या जुन्या आवृत्तीवर चालणार नव्हतं. म्हणून गुरुवारी सकाळी अकरा वाजता, आईच्या फोनवरून मी समोर बसते आणि तुमच्या फोनचं अपडेट करून घेते, असं लेकीने जाहीर केलं.

हे बोलणं चाललं होतं तेव्हा दुकानात गिऱ्हाइकांच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. शेवटच्या बाकावरची कुजबुज फळ्याकडे तोंड करून ऐकायची त्यांची सवय नोकरीबरोबर सुटली नव्हती. लेकीचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. घड्याळजींचा मात्र शब्द न् शब्द पोचत होता.

“हो, ऐकतोय,” घड्याळजी म्हणाले. “गुरुवारी? इतक्या लवकर? … अगं, पण आणखी थोडे दिवस टाळता येणार नाही का? … म्हणजे शुक्रवारपासून सगळं बंदच पडेल म्हणतेस. … किती वेळ लागतो? … पाऊण तास पूर्ण बंद? आणि पाऊण तासाने पुन्हा सुरू होईल याची हमी कोण देणार? … लाखो लोक करून घेतात हे मला सांगू नकोस. लाखात एखाद्याचं बिघडतं आणि तो एखादा नेमका मी असतो. … आणि ठोक्यांचं काय? उद्या ठोकेच गेले तर माझ्याजवळ उरलं काय? … आईला सांगितलंय, पण तिला त्यातलं फारसं कळत नाही. तिला फक्त गुरुवारी अकराला माझ्या शेजारी बसवतो.”

त्यांनी फोन ठेवला आणि सुस्कारा सोडला.  वीस वर्षांत बाईंनी कधी ‘उद्या या’ ऐकून घेतलं नव्हतं. उद्या म्हणजे किती वाजता, असं विचारूनच त्या जायच्या. आज त्या उठल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “माझ्या घड्याळाची अजिबात घाई नाही हं. तुम्ही स्वतःला जपा.”

घड्याळजी भिंगातून त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले.

यापुढचं त्यांना बरंच नंतर कळलं. बाई दुकानातून उतरल्या त्या थेट शेजारच्या औषधांच्या दुकानात गेल्या. तिथे दोन गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत त्यांनी खोकल्याच्या गोळ्या बघितल्या आणि मग औषधवाल्यांना म्हणाल्या, “फक्त तुम्हाला म्हणून सांगते.”

सगळं ऐकून औषधवाल्यांनी चष्मा काढला. “तरीच. परवाच छातीला चोळायचं मलम घेऊन गेले. कोणाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, घरी लागतं.”

“लपवणारी माणसं अशीच बोलतात,” बाई म्हणाल्या.

मलम बायकोच्या खोकल्यासाठी होतं. पण हे सांगायला तिथे कोणी नव्हतं.

घड्याळजींनी इकडे तयारीला सुरुवात केली. कोणाचं घड्याळ आपल्याकडे आहे, त्यात काय बिघडलंय, कधी द्यायचंय, हे सगळं ते फोनमध्येच टिपून ठेवत. अपडेटमध्ये ते पुसलं गेलं तर तीसबत्तीस घड्याळं बेवारस होणार होती. म्हणून मंगळवारी सकाळी त्यांनी एक वही आणली, नावं उतरवून काढली आणि एकेकाला फोन लावायला घेतला.

“तुमचं घड्याळ तयार आहे. जमलं तर गुरुवारच्या आत घेऊन जा. नाही, दुकान बंद नाही करत. पण गुरुवारनंतर माझ्याकडे काय राहील आणि काय जाईल, आज सांगता येत नाही.”

लोक पलीकडून फार प्रेमाने “येतो, येतो” म्हणायचे. घड्याळजींना बरं वाटलं. इतकी वर्षं लोकांना तीनतीन निरोप धाडावे लागायचे.

मंगळवारी दुपारपासून गिऱ्हाइकं येऊ लागली आणि प्रत्येकाच्या हातात संत्र्यांची पिशवी होती. कोणी घासाघीस करेना, कोणी काच पुसून द्या म्हणेना. एकाने भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ उतरवायला घड्याळजींना हातच लावू दिला नाही. “तुम्ही बसा, तुम्ही बसा,” म्हणत तो स्वतः स्टुलावर चढला आणि लंबक डोक्यात आपटून घेऊन, हसत हसत खाली उतरला. संध्याकाळी घड्याळजी पाच पिशव्या घेऊन घरी गेले.

“ही संत्री कसली?” बायकोने विचारलं.

“लोकांनी दिली. गुरुवारी अपडेट आहे ना.”

“अपडेटला संत्री देतात?”

“पद्धत असेल. मला कुठे माहितीय, मी कधी केलंय?”

बुधवारी औषधवाले मुद्दाम दुकानात आले. ते बाकाच्या अगदी कडेवर टेकले, जसं लोक आजारी माणसाच्या पलंगावर टेकतात.

“भीती वाटते का हो?” त्यांनी विचारलं.

कोणीतरी हे विचारलं याचंच घड्याळजींना बरं वाटलं. घरात तर सगळे हसत होते. “खरं सांगू? वाटते. पण लेक म्हणते, जितकं टाळाल तितकं अवघड होतं. एकेक गोष्ट बंद पडत जाते म्हणे.”

“बरोबर आहे तिचं. माझ्या मेव्हण्याने मागच्या वर्षी करून घेतलं. आता अगदी नव्यासारखा पळतो.”

“आणि आधीचं सगळं राहिलं त्याचं? का पुसलं गेलं?”

औषधवाले जरा गोंधळले. “पुसलं म्हणजे… आठवणीत ना? नाही, तसं काही झालं नाही. दोन दिवस जरा गरम वाटत होता, एवढंच.”

“हां, गरम होतो असं मीही ऐकलंय,” घड्याळजी म्हणाले. “आणि दिवसभर पुरतो का? का दुपारीच मान टाकतो?”

“दुपारी थोडा वेळ झोपतो.”

“म्हणजे बॅटरी खातंय,” घड्याळजी चिंतेने म्हणाले. औषधवाल्यांना वाटलं, या वेळीसुद्धा माणूस विनोद करतोय. त्यांचे डोळे भरून आले आणि ते घाईने उठले.

पण सगळ्यांत मोठा धक्का दिला तो वकिलांनी. वकिलांचं पितळी टेबलघड्याळ गेली दोन वर्षं घड्याळजींच्या कपाटात पडून होतं. दुरुस्त करून नेल्यावर आठ दिवसांत ते बंद पडलं होतं. यात पाणी गेलंय, असं घड्याळजींचं म्हणणं. पाणी जाणं केवळ अशक्य आहे, दुरुस्तीच कच्ची होती, असं वकिलांचं म्हणणं. घड्याळजींनी चूक लेखी मान्य केल्याशिवाय घड्याळ नेणार नाही, असं बजावून ते गेले होते आणि तेव्हापासून दुकानासमोरून जाताना ते पलीकडच्या फुटपाथने जायचे.

ते वकील बुधवारी दुपारी दुकानाची पायरी चढले. त्यांनी कोटाच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि काउंटरवर ठेवला.

“मी ते घड्याळ फुलदाणीजवळ ठेवलं होतं,” ते म्हणाले. “फुलदाणी कलंडली. मी कोरड्या फडक्याने पुसलं आणि कोणाला काही बोललो नाही. यात सगळं लिहिलंय. खाली सहीशिक्का आहे.”

घड्याळजींनी कागद दोनदा वाचला. खरोखरच शिक्का होता. “अहो, पण आजच का?”

“काही गोष्टी गुरुवारनंतरवर टाकू नयेत,” वकील म्हणाले. त्यांनी घड्याळजींचा हात हातात घेतला, जरा जास्तच वेळ धरून ठेवला आणि टेबलघड्याळ छातीशी धरून ते निघून गेले.

घड्याळजी थक्क होऊन बसले. एका फोनच्या अपडेटने माणसं इतकी मऊ होत असतील, तर आपण चौदा महिने उगाच घालवले, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

गुरुवारी पावणेअकराला त्यांनी काउंटर रिकामं केलं, एक मऊ कापड अंथरलं आणि त्यावर फोन ठेवला. दुकानात बाई आल्या होत्या, औषधवाले आले होते आणि वकीलही होते. आणखी सातआठ गिऱ्हाइकं संत्र्यांच्या पिशव्या घेऊन दारात उभी होती. आपल्याला धीर द्यायला इतके लोक आलेले बघून घड्याळजींनी सगळ्यांना हात जोडले.

तेवढ्यात बायको स्वतःचा फोन आणि त्याची वायर घेऊन पायरीशी पोचली. बाईंनी पुढे होऊन तिला मिठीच मारली.

“धीर सोडू नका,” बाई म्हणाल्या. “आजकाल हृदयाचं ऑपरेशन म्हणजे काही विशेष राहिलेलं नाही.”

बायकोच्या हातातली वायर खाली पडली. तिने दुकानात पाहिलं. माणसं गंभीर चेहऱ्याने उभी होती, नवरा पांढराफटक दिसत होता (तो फोनच्या काळजीने तसा दिसत होता) आणि घरात पाच पिशव्या संत्री होती. तिच्या मनात सगळं एकाला एक जोडलं गेलं. ती गर्दीतून वाट काढत काउंटरपाशी आली. 

“कधीपासून लपवताय माझ्यापासून?”

“काय?”

“ऑपरेशन.”

“कसलं ऑपरेशन?”

“हृदयाचं,” औषधवाले मऊ आवाजात म्हणाले. “आता वहिनींना सांगून टाका. बाकी सगळ्यांना ठाऊकच आहे.”

घड्याळजींनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. निवृत्त मुख्याध्यापिका, औषधं विकणारा माणूस, शिक्का बाळगणारा वकील. इतकी शहाणी माणसं एकाच वेळी चुकत नाहीत. त्यांचा हात आपोआप छातीवर गेला.

“मला हृदयाचं काही झालंय?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला कोणी सांगितलं नाही?” वकिलांनी विचारलं.

नेमक्या याच वेळी बाहेर एक स्कूटर करकचून थांबली. डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून एक माणूस गर्दीत घुसला, संत्र्यांच्या एका पिशवीला अडखळला आणि काउंटरवर दोन्ही हात टेकून उभा राहिला.

“दादा,” तो धापा टाकत म्हणाला. “कुठे नेतायत तुला? मी नेतो. स्कूटर आणलीय.”

तो घड्याळजींचा धाकटा भाऊ होता. आणि त्याने तीन वर्षांत घड्याळजींना पहिल्यांदा हाक मारली होती.

दोघे एकाच बाकावर, एकाच बापाच्या हाताखाली घड्याळं शिकले होते. मग धाकट्याने तो धंदा सोडला आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला फोनचं आणि मनगटावरच्या स्मार्ट घड्याळांचं दुकान टाकलं. तिथवर ठीक होतं. पण तीन वर्षांपूर्वी त्याने दादाला एक स्मार्ट घड्याळ भेट दिलं. घड्याळजी केसासारखी बारीक स्प्रिंग चिमट्यात धरून श्वास रोखून बसले असताना त्या घड्याळाने मनगटावर धक्का दिला आणि ‘फार वेळ बसलात, उठा आता’ असं सांगितलं. स्प्रिंग जी उडाली ती आजतागायत सापडलेली नव्हती. हे घड्याळ नाही, हा मुकादम आहे, असं घड्याळजी चार गिऱ्हाइकांसमोर बोलले. धाकट्याने घड्याळ परत नेलं आणि येणंही बंद केलं. आज सकाळी वकील त्याच्या दुकानात चार्जर घ्यायला गेले होते, तेव्हा त्याला ही बातमी कळली होती.

“मला कोणी कुठेही नेत नाहीये,” घड्याळजी म्हणाले, पण आता त्यांचीच खात्री उरली नव्हती.

सगळे एकदम बोलायला लागले आणि त्या गोंधळात बायकोचा फोन वाजला. तिने तो उचलला. पडद्यावर लेक दिसली, प्रसन्न, घाईत.

“आई, फोन जरा वर धर. बाबा, तयार आहात ना? आधी चार्जिंगला लावा. चार्जिंगला लावल्याशिवाय सुरूच करायचं नाही.”

 भिंतीवरची सगळी घड्याळं तेवढी ऐकू येत होती.

“कोणाला चार्जिंगला लावायचंय?” बाईंनी विचारलं.

“फोनला,” लेक म्हणाली. “बाबांच्या फोनचं अपडेट आहे ना आज. तुम्ही सगळे कशाला जमलाय?”

बाईंनी हळूच विचारलं, “पाऊण तास पूर्ण बंद राहणार ते…”

“फोन,” घड्याळजी म्हणाले.

“आणि ठोके जाणार ते?”

“ठोके मोजणारं अ‍ॅप. घड्याळांचे ठोके, बाई. माझे नाही.”

“आणि मलम?” औषधवाले म्हणाले.

“माझ्या खोकल्याला,” बायको म्हणाली आणि जवळच्या स्टुलावर मटकन बसली. मग ती हसायला लागली. हसता हसता तिला तोच खोकला आला आणि औषधवाल्यांनी धावत जाऊन पाणी आणलं. तिच्या हसण्याने बाकीच्यांचा जीव भांड्यात पडला. दारातली माणसं एकमेकांच्या पाठी थोपटायला लागली, जणू प्रत्येकाने स्वतः ऑपरेशन यशस्वी करून दाखवलं होतं. फक्त धाकटा भाऊ पायरीवर जाऊन बसला होता. त्याने हेल्मेट काढलं नव्हतं. त्याचे खांदे हलत होते आणि तो हसतोय की रडतोय ते हेल्मेटमुळे कळत नव्हतं.

“मी फक्त ऐकलं तेवढंच सांगितलं,” बाई म्हणाल्या. “एक शब्द पदरचा घातला नाही.”

“ते खरं आहे,” वकील म्हणाले. त्यांना आपला कागद आठवला असावा, कारण त्यांनी काउंटरकडे एकदा पाहिलं. घड्याळजींनी तो खणातून काढून पुढे केला. वकिलांनी जरा विचार केला आणि मान हलवली. “राहू द्या तुमच्याकडेच. दोन वर्षांत काल पहिल्यांदा मला शांत झोप लागली.”

“बाबा, साडेअकराला मला मीटिंग आहे,” लेक पडद्यातून म्हणाली. “दाबताय ना?”

घड्याळजी काउंटरपाशी आले. सगळे जवळ सरकले. पडद्यावर दोन चौकोन होते. एकात ‘आता’ होतं, दुसऱ्यात ‘नंतर’. घड्याळजींनी दीर्घ श्वास घेतला, हात पुढे नेला आणि चौदा महिन्यांच्या सवयीने त्यांच्या करंगळीने ‘नंतर’ दाबलं.

“बाबा,” लेक म्हणाली.

“ती मी नाही. करंगळी आहे.”

आता पुन्हा तो पडदा आणायचा कसा, हे कोणालाच माहीत नव्हतं. लेक सांगत होती ते बटण यांच्या फोनमध्ये दुसरीकडेच होतं. औषधवाल्यांनी एक सुचवलं, वकिलांनी दुसरं, आणि त्यातून फोनचा दिवा तेवढा लागला. घड्याळजी पायरीकडे बघू लागले. तिकडे बघायचं की नाही, याचा त्यांनी थोडा वेळ विचार केला होता.

“अरे,” ते म्हणाले, “तू करून देतोस का?”

धाकट्याने हेल्मेट काढलं. डोळे लालच होते. तो आत आला, फोन हातात घेतला, दोन ठिकाणी बोट फिरवलं आणि तो पडदा परत आणला. मग थांबला. “आधी तुझं सगळं माझ्या मशीनवर उतरवून घेतो. बॅगेत आहे. काही गेलंच तर परत घालता येईल. मग दाबू?”

“असं करता येतं?”

“रोज करतो मी. लोकांचे.”

घड्याळजींनी करंगळी मुठीत मिटून घेतली. “दाब मग,” ते म्हणाले.

उतरवून घ्यायला दहा मिनिटं लागली आणि मग फोन काळा झाला. आल्यासारखं बघूनच जाऊ, असं म्हणत कोणीच हललं नाही. बायकोने संत्री सोलायला घेतली. औषधवाल्यांनी, आणलंच आहे तर, म्हणून रक्तदाबाचं यंत्र काढलं आणि घड्याळजींच्या दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब अगदी छान निघाला. मग बाईंचा मोजला, वकिलांचा मोजला, शेवटी गंमत म्हणून औषधवाल्यांनी स्वतःचाही मोजला आणि तो आकडा बघून पट्टा पुन्हा एकदा बांधला. दुसऱ्याच दिवशी ते डॉक्टरकडे गेले आणि वेळेवर आलात असं ऐकून आले, पण तो पुढचा भाग.

पस्तिसाव्या मिनिटाला फोनवर एक पांढरी रेघ आली आणि अर्ध्यावर येऊन अडकली. सगळ्यांच्या हातातल्या फोडी हातातच राहिल्या. घड्याळजींनी डोळे मिटले. शेजारून धाकटा म्हणाला, “इथे थांबतंच ते. श्वास घेतंय.” आणि थोड्या वेळाने रेघ पुढे सरकली.

फोन सुरू झाला. अक्षरं थोडी मोठी झाली होती, घड्याळाचा आकडा जाड झाला होता. बाकी नावं होती, नंबर होते, नातीचे दुधाच्या मिशीतले फोटो होते. घड्याळजींनी ठोक्यांचं अ‍ॅप शोधलं आणि त्यावर बोट ठेवलं. ते उघडलं नाही. त्याऐवजी एक पाटी आली. सगळे वाकून वाचू लागले.

“‘या अ‍ॅपला तुमच्या फोनचा मायक्रोफोन वापरू द्यायचा का?’” बाईंनी मोठ्याने वाचलं. “विचारून वापरतंय. ही चांगली सुधारणा आहे.”

घड्याळजींनी ‘हो’ दाबलं. मग कपाटातून बाईंचंच मनगटी घड्याळ काढून फोनजवळ ठेवलं. पडद्यावर एक नागमोडी रेघ उमटली, थरथरली आणि सरळ चालू लागली. दिवसाला चार सेकंद पुढे. घड्याळजींनी इतका मोठा निःश्वास सोडला, की काउंटरवरच्या संत्र्याच्या साली हलल्या.

“चार सेकंद कमी करून देतो,” ते म्हणाले.

“राहू द्या,” बाई घड्याळ मनगटावर बांधत म्हणाल्या. “माणसाने थोडं आधी पोचलेलं बरं.”

हळूहळू दुकान रिकामं झालं. जाताना प्रत्येकाने दोन दोन संत्री नेली. बायको घरी गेली. धाकटा वायर गुंडाळत होता. मघापासून तीच वायर तो तिसऱ्यांदा गुंडाळत होता. घड्याळजी एका घड्याळाची तीच काच पुन्हा पुन्हा पुसत होते. 

तेवढ्यात धाकट्याचा फोन वाजला. त्याची बायको होती. सकाळी निघताना त्याने तिला घाईघाईने ऑपरेशनचं सांगितलं होतं आणि ती तेव्हापासून जीव मुठीत धरून बसली होती.

“हो, झालं,” तो म्हणाला. “व्यवस्थित झालं. पाऊण तास लागला. … हो, सुरू झालं सगळं. आधीचं सगळं आठवतंय. … नाही गं, तू येऊ नकोस, गर्दी नको.” त्याने घड्याळजींकडे पाहिलं आणि आवाज जरा खाली घेतला. “मला यायला संध्याकाळ होईल. पहिल्या दिवशी एकटं सोडू नये म्हणतात. दुकान आज बंदच राहू दे.”

त्याने फोन खिशात ठेवला. घड्याळजी त्याच्याकडे बघत होते.

“तिला खरं का नाही सांगितलंस?”

“संध्याकाळी सांगतो,” धाकटा म्हणाला. “आत्ता सांगितलं, तर दुकान उघड म्हणेल.”

घड्याळजींनी काउंटरच्या आतलं दुसरं स्टूल ओढलं, त्यावरची धूळ कापडाने झटकली आणि त्याच्यापुढे सरकवलं. धाकटा बसला.

“आणि तिने सांगितलंय,” तो म्हणाला, “तुला फार बोलू द्यायचं नाही.”

“बरोबर आहे तिचं,” घड्याळजी म्हणाले. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढून खाली ठेवलं आणि तीन वर्षांत काय काय झालं, ते पहिल्यापासून सांगायला घेतलं.